रुमालाची परीक्षा

३ नोव्हेंबर

बेसिनमध्ये आज पुन्हा अप्पांचा बेडका. पाणी सोडायचं विसरले. दात घासायला गेलो तो उलट्या पावली माघारी आलो, चहासुद्धा घशाखाली उतरला नाही. माणसानं ओतकामाची फाउंड्री विकून पाच वर्षं होत आली, पण शिरोलीची काळी वाळू अजून छातीतून निघतेच आहे. मी शाळेत असताना ते संध्याकाळी घरी आले की आधी मोरीत नाक शिंकरायचे. काळंकुट्ट निघायचं. मग तेच हात टॉवेलला. तो टॉवेल अंगाला लागू नये म्हणून मी ओल्या अंगावर शर्ट चढवायचो आणि आईचा मार खायचो.

ही वही अदितीनं आणून दिली. म्हणाली, "तुला दिवसभर कशाकशाची शिसारी आली ते मला जेवताना ऐकवत जाऊ नकोस. ह्यात लिही, आणि मला सुखानं आमटी खाऊ दे." बायको गुणाची आहे, पण तोंडाची फटकळ.

तर पहिल्याच पानावर लिहून ठेवतो. माझा धंदा स्वच्छ आहे. गोकुळ शिरगावातली शेड मी पांढरीशुभ्र रंगवून घेतली. तिथे भट्टी नाही, धूर नाही, काजळी नाही. कोल्हापुरी चप्पल पावसात भिजली की तिची दशा होते, हे कुणाला सांगायला नको. आमचं द्रावण मारलं की पाणी तिच्यावरून अळूच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळतं. सगळी करामत त्यातल्या पांढऱ्या भुकटीची. नॅनो म्हणजे इतकी बारीक की पिठाचा कण तिच्यापुढे धोंडा. कामावरच्या आकारामला हे सगळं समजावून सांगितलं, तर म्हणतो, "नॅनो? ती गाडी बंद झाली न्हवं, साहेब?"

८ नोव्हेंबर

सध्या कामावर दोघं. आकाराम कागलचा, पूर्वी अप्पांच्या फाउंड्रीत होता; तो भुकटी द्रावणात मिसळतो. मोना गडमुडशिंगीची, बारावी झालेली. ती चपलांवर फवारा मारते. पोलीस भरतीची तयारी करतेय. पहाटे रस्त्यावर पळते, मग आंघोळ करून कामाला येते. नखं कापलेली, वेणी घट्ट, अंगाला साबणाचा वास. अशी माणसं असली की मला बरं वाटतं.

भुकटी विकणारा वापीचा माणूस आज आला होता. मोनानं त्याला तोंडावरच विचारलं, "पावणं, ह्येनं छातीला काय हुत न्हाय न्हवं? माजं पळायचं हाय." तो हसायलाच लागला. टूथपेस्टमध्ये असते, सॉसमध्ये असते, खाल्ली तरी चालते म्हणाला. मी तिथल्या तिथे चिमूटभर जिभेवर ठेवली. चव नाही, वास नाही, काही नाही. "बगा, साहेबांनी खाल्ली की," आकाराम म्हणाला, आणि विषय मिटला.

माझी केबिन काचेची करून घेतली आहे. दार बाहेरच्या बाजूनं, एसी वेगळा. द्रावणाच्या वासानं मला मळमळतं. काचेतून सगळं काम दिसतं आणि नाकाला काही कळत नाही, याहून काय हवं?

१४ नोव्हेंबर

अप्पांना शेड दाखवायला नेलं. येताना गुळाची ढेप घेऊन आले. "कामगाराला रोज चार वाजता खडा द्यायचा. छातीतली घाण खाली उतरती." फाउंड्रीत ते वर्षानुवर्षं वाटायचे. मी म्हटलं, अप्पा, इथे घाणच नाही, तर उतरायचं काय?

"घाण न्हाय ह्ये तू कशावरनं म्हणतोस, सौम्या? शेंबूड बगितलास काय?"

फाउंड्रीवाल्यांची ही जुनी परीक्षा. सुट्टी झाली की पांढऱ्या फडक्यात नाक शिंकरायचं. जितकं काळं, तितकी धूळ. अप्पांनी नाक्यावरून दोन पांढरे रुमाल मागवले आणि आकारामला अन् मोनाला शिंकरायला लावलं. मोना लाजली, मी तोंड फिरवलं. अप्पांनी मात्र ते रुमाल खिडकीशी नेऊन सोनारानं दागिना पारखावा तसे पारखले.

"कोरं हाय," म्हणाले. "आयला, कोरं हाय रे! माझ्या उभ्या जन्मात कामगाराचं असं फडकं बगितलं न्हाय." मग माझ्या पाठीवर हात ठेवला. इंजिनिअर झालो तेव्हा ठेवला नव्हता. मला एकदम भरून आलं. तो हात कुठे कुठे लागला होता हे मी त्या वेळी मनात येऊ दिलं नाही.

ठरवलं, ही परीक्षा आता रोज घ्यायची. रुमाल कंपनीचे, धुण्याचा खर्च कंपनीचा. आणि अप्पांचा मान म्हणून चार वाजता गुळाचा खडाही.

२२ नोव्हेंबर

शेडमधल्या खिळ्याला आज मास्क लटकलेला दिसला. निळा, औषधाच्या दुकानात मिळतो तसला. मोनाचा. किती दिवस वापरत होती कोण जाणे, आतून पिवळा पडलेला, ओठाचा ओला डाग, आणि दोरीला आकारामच्या तंबाखूचा हात लागलेला. काडीनं उचलून कचऱ्यात टाकला आणि बजावलं, असले घाणेरडे मास्क माझ्या शेडमध्ये दिसता कामा नयेत. इथे धूळ नाही, मास्कचं कौतुक कशाला?

मोना म्हणाली, "मी धुतलोता की त्यो, साहेब." पण ऐकलं तिनं.

३ डिसेंबर

बाळासो आले होते. पापाची तिकटीजवळ त्यांचं चपलांचं दुकान आहे, शिवाय पुण्यामुंबईला माल जातो. आमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक. आले ते चिडूनच. चपलेवर पांढरे ठिपके पडलेत म्हणे. हातपंपाच्या फवाऱ्याचे थेंब मोठे पडतात, ते वाळले की डाग राहतो.

"चप्पल हाय का देवीचं वण आलेलं त्वांड?" बाळासो म्हणाले. "जूनच्या आदी माझा सगळा माल झाला पायजे, आणि एक ठिपका चालायचा न्हाय. जमत आसंल तर बोला." बोलताना त्यांनी मावा दातात फिरवला आणि माझ्या पांढऱ्या भिंतीकडे बघून थुंकायला जागा शोधायला लागले. मी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं.

जमवलं पाहिजे. हा माणूस गेला तर शेडला कुलूप.

११ डिसेंबर

जमलं! कॉम्प्रेसर आणला, त्याला बारीक नोझल. फवारा आता दिसतही नाही, नुसता एक गारवा हवेत पसरतो आणि चप्पल एकसारखी होते. एकही ठिपका नाही. मोना म्हणाली, "ह्ये लई भारी हाय की."

एकच अडचण. पंखा लावला की सगळा फवारा उडून जातो, द्रावण वाया. खिडक्या उघड्या ठेवल्या की बाहेरची घाण ओल्या चपलेवर बसते. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाल्यापासून वाऱ्याबरोबर काजळी येते, उसाच्या चिपाडाची, काळ्या केसासारखी. हात लावला की फसकन काळं होतं. बघूनच अंगावर काटा येतो. म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद. शेड आता डबीसारखी बंद आणि आरशासारखी स्वच्छ.

आजचे रुमाल कोरे.

१९ डिसेंबर

मोना आज उशिरा आली. विचारलं तर म्हणाली, "सकाळी पळवलंच न्हाय, साहेब. निम्म्यातच बसलो. छातीत कायतरी आवळल्यागत हुतंय." डोळे लाल, घसा बसलेला. कोरडा खोकला, काही पडत नाही, नुसताच ठसका. निदान बेडका तरी नाही.

मी तिला म्हटलं, पहाटे ती काजळी छातीत भरून घेतेस, दुसरं काय होणार? गडमुडशिंगीच्या त्या रस्त्यावर धुकं, ट्रॅक्टरचा धूर, काजळी, सगळं एकत्र असतं. ती म्हणाली, "पन सोमवारी पाटंचं पळलो तवा बरं हुतं. काल कामावरनं गेलो आन रातभर खोकलो."

आता यावर काय बोलणार? रविवारी आराम झाला होता, म्हणून बरं वाटलं. सरळ आहे. गूळ दुप्पट द्यायला सांगितला. तिनं खडा हातावर घेतला आणि खाल्ला. फवाऱ्याचाच हात, त्याच्यावर चिकट गूळ. मी काचेतून नजर दुसरीकडे वळवली.

२४ डिसेंबर

आकारामही खोकतोय. त्याचं नवल नाही. तंबाखू, फाउंड्री, वय. पण दोघं एका तालात खोकतात आणि मला केबिनमध्ये बसून ऐकावं लागतं. काच आवाज अडवत नाही.

अदितीला रात्री हे सांगितलं. ती ताटावरून उठलीच नाही, उलट हात थांबवून विचारलं, "दोघंही? आणि तू?"

"मी ठणठणीत."

"तू कुठं बसतोस?"

मी म्हटलं, तुला ऐकायचं नव्हतं ना जेवताना? मग खा आमटी. तिनं माझ्याकडे बघितलं. शाळेत शिकवताना थापा मारणाऱ्या पोरांकडे बघते तसं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहितो. झोपताना मनात आलं की एकदा तज्ज्ञाला विचारावं. मग वाटलं, विचारलं की तो काहीतरी सांगणारच, आणि सांगितलं की करावं लागणार. शेवटी रोजचे रुमाल आहेत की. धूळ असती तर नाकात दिसली नसती?

३० डिसेंबर

वर्ष संपता संपता वैताग. मोनानं आज तीन वेळा काम थांबवलं. दारात जाऊन उकिडवी बसायची, तोंड उघडून श्वास घ्यायची, लाळ गळायची. कुत्र्यासारखी. लिहायला नको होतं असं, पण दिसलं तसंच. मी बाहेर जाऊन म्हटलं, बरं नसेल तर घरी जा.

म्हणाली, "न्हाय साहेब, आता सुट्टी नगं. भरतीचं ग्राउंड नऊ तारखेला हाय, तवाच घेतो." मग हसली. "वर्दी घातल्यावर तुमच्या शेडवर रेड टाकायला येतो बगा."

आठशे मीटरला गेल्या महिन्यात गावच्या पोरांना मागं टाकत होती. आता मला वाटतं ती परीक्षेला घाबरली आहे आणि मनाचं छातीवर आलंय. होतं असं. माझंही बारावीला पोट बिघडायचं.

बाळासोंना पहिला माल गेला. खूश आहेत.

९ जानेवारी

दुपारी आकारामचा फोन आला. परेड ग्राउंडवरून. तो तिच्याबरोबर गेला होता हे मला माहीतही नव्हतं.

"साहेब, पोरगी पडली."

दुसऱ्या फेरीत वळणावर पडली. ओठ निळे झाले होते म्हणे. आकाराम बोलता बोलता खोकायला लागला आणि फोन तसाच चालू राहिला. मी तो खोकला ऐकत उभा. तिला तिथूनच दवाखान्यात नेलं. ऑक्सिजनवर आहे.

पैशाची काळजी करू नका, एवढं बोललो. मोठा आलो पैसेवाला.

१० जानेवारी

छातीच्या डॉक्टर अनुजा म्हणून आहेत, वयानं माझ्याएवढ्याच. त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. म्हणाल्या, पोरगी पंचवीसच्या आतली, व्यसन नाही, दमा नाही, आणि स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसं धुरकट काच असावी तशी दिसतायत. कामावर काय हुंगते?

मी म्हटलं, काही नाही. आमची शेड स्वच्छ आहे. रोज सुट्टीला पांढऱ्या रुमालात नाक शिंकरून घेतो. नोव्हेंबरपासून एकही डाग नाही.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "रोज?"

"रोज."

"आणि भुकटी रोज हवेत उडते?"

"फवाऱ्यातून. दिसतही नाही इतकी बारीक."

"मग ती जाते कुठं, सौमित्र?"

मला पहिल्यांदा प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी शांतपणे, एखाद्या मंद पोराला सांगावं तसं सांगितलं. नाक मोठी धूळ अडवतं, म्हणून फाउंड्रीवाल्याचा शेंबूड काळा. काळा शेंबूड म्हणजे नाकानं आपलं काम केलं. तरी जी सुटते ती छाती नासवतेच. इतके बारीक कण नाकाला फारसे सापडतच नाहीत. ते पार तळाशी जातात, जिथे हवा रक्तात मिसळते तिथे. कोरा रुमाल म्हणजे धूळ नाही असं नव्हे. कोरा रुमाल म्हणजे नाकानं काहीच धरलं नाही.

मी म्हटलं, पण मी ती खाल्ली होती. सगळ्यांसमोर.

"पोटाला चालतं ते छातीला चालत नाही. पाणी पोटाला चालतंच की." मग त्यांनी विचारलं, ते द्रावण करतं तरी काय? मी सांगितलं, पाणी पळवून लावतं. सांगताना नेहमीसारखा अभिमानच आला माझ्या आवाजात, आणि तो मला ऐकू आला.

त्या म्हणाल्या, "फुप्फुसात बारीक बारीक फुगे असतात. त्यांना आतून एक ओलसर थर असतो, त्यामुळे ते मिटून चिकटत नाहीत. पाणी पळवणारं द्रव्य तिथे पोचलं, तर ते दुसरं काय करणार?"

मोना बरी होईल का? बहुतेक जिवावरचं टळेल, म्हणाल्या. आठशे मीटर? त्यावर त्यांनी नाही अशी मान हलवली. किती भरून येईल आणि किती वण राहतील हे आज कुणीच छातीठोक सांगू शकणार नाही. या असल्या बारीक कणांचा अभ्यास अजून चालूच आहे. आकारामला आजच्या आज घेऊन या म्हणाल्या. आणि उठताना, "तिच्या आईला मी रसायनाचं सांगितलं. त्यांना ते उमगलं नाही. त्यांच्या भाषेत तुम्ही सांगा."

बाहेर येऊन दवाखान्याच्या मोरीत ओकलो. तिथे आधीच कुणीतरी ओकून गेलं होतं आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

११ जानेवारी

शेड बंद केली. केली म्हणजे पंखे लावले, खिडक्या उघडल्या, आणि बाहेर येऊन कुलूप लावलं. तेवढ्यापुरतासुद्धा मी नाकाला ओला पंचा गुंडाळून आत गेलो होतो. स्वतःच्या शेडमध्ये. पांढऱ्या भिंती बघवेनात. काजळी तरी बिचारी दिसते, हाताला लागते, माणूस नाक मुरडून बाजूला होतो. मी जन्मभर नाक मुरडलं ते सगळ्या दिसणाऱ्या गोष्टींना.

आकारामला दाखवून आणलं. त्याच्याही छातीत आहे, पण मोनापेक्षा कमी. तो भुकटी बादलीत कालवायचा, फवारा तिच्या तोंडापुढे असायचा. "आमी फाउंड्रीला पुरून उरलोय, साहेब," म्हणाला, आणि जिन्यावर दम खायला थांबला.

अप्पांना सगळं सांगितलं. ऐकत बसले. मग म्हणाले, "मी पास केलं त्येला. खिडकीशी नेऊन, उजेडात बगून." रात्री जेवले नाहीत.

बाळासोंचा फोन. उरलेला माल कधी? मी म्हटलं, कधीच नाही. का, ते सांगितलं. ते म्हणाले, "आवो, मंग दुसरी पोरगी ठेवा की. मास्क घालून." हे त्यांनी अगदी सहज, मदत करतोय अशा आवाजात सांगितलं. मी फोन ठेवला आणि हात धुतले. पण खरं सांगायचं तर हाच विचार पहाटे मला स्वतःला येऊन गेला होता. एकदा नाही, बऱ्याच वेळा. चांगला मास्क, बाहेर हवा ओढणारा पंखा, दुसरी मुलगी. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा: बाळाबाईंना, म्हणजे मोनाच्या आईला, काही उमगलेलं नाही. मी गप्प बसलो तर पोरगी पळून पळून आजारी पडली, एवढंच गावात राहील. डॉक्टर कागदावर काय लिहायचं ते लिहितील, गडमुडशिंगीत तो कागद कोण वाचणार?

हा विचार मी नीट, सावकाश, शेवटपर्यंत केला. उंबऱ्यावर मेलेला उंदीर असावा तसा तो माझ्यापुढे होता आणि मी त्याच्याकडे बघत बसलो. अदितीनं दिवा मालवला तरी बसलेलाच.

१२ जानेवारी

दवाखान्यात गेलो. मोना झोपली होती. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आतून वाफेनं ओला. प्रत्येक श्वासाला खांदे वर येत होते. बाळाबाई उशाशी बसल्या होत्या, चार म्हशींचं दूध शेजारणीवर सोपवून. मला बघून लगबगीनं उठल्या आणि स्टूल माझ्यापुढे सरकवलं. मोनाच्या पायाची चादर नीट केली. साहेब आले म्हणून.

"लई पळली बगा," म्हणाल्या. "आमी म्हनत हुतो, येवढं पळू नगंस, बाईमानसाची छाती हाय. ऐकतीय हुय? भरतीच्या नादानं आसं करून घेतलं." मग आवाज खाली आणून, "साहेब, तुमी येवढं बगाय आला, लई झालं. बरी झाली की परत कामाव घ्या तिला. वर्दी तर गेली आता. तुमच्याकडचं काम चांगलं हाय, सावलीतलं, स्वच्छ."

मी हो म्हटलं असतं तर संपलं असतं. मान अर्धी हलवलीही होती.

मग सांगितलं. उभ्यानंच. पळून नाही झालं, बाळाबाई. माझ्या फवाऱ्यानं झालं. तो दिसत नाही, पण छातीत जातो आणि आतला ओलावा मारतो. पंखा मी बंद करायला लावला होता. खिडक्याही मीच. तिचा मास्क मी टाकून दिला होता.

त्यांना पहिल्यांदा खरं वाटेना. "आवो, पन ती म्हनायची, साहेबांनी सोता खाल्लं म्हनून."

"खाल्लं. खाऊन काही होत नाही. श्वासातून होतं."

त्यांनी मोनाकडे बघितलं. खांदे वर, खांदे खाली. मग माझ्याकडे वळल्या आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "मंग तुमास्नी कसं काय झालं न्हाय?"

"मी आत नसायचो," मी म्हणालो. "मला वास सोसत नाही. मी काचेच्या पलीकडे बसायचो."

बाळाबाईंनी पदर नाकाला लावला. रडायला लावला असेल असं मला वाटलं, पण डोळे कोरडे होते. त्यांनी माझ्याकडे आपादमस्तक बघितलं, बुटांपासून इस्त्रीच्या कॉलरपर्यंत, आणि माझ्यापुढचं स्टूल पायानं मागं ओढून घेतलं. तसं बघणं मला चांगलं ठाऊक आहे. कोल्हापुरात मी रोज कुणाकुणाकडे तसंच बघत आलो आहे.

"सरका पल्याड," म्हणाल्या. "तिला वारं येऊ द्या."

मी सरकलो.